आता डावीकडं बघ... नाही, वर बघ

सगळं सुरू झालं माझ्या भाचीमुळं. लग्नानंतर ती आणि जावईबापू युरोपात फिरून आले आणि आल्यापासनं तिच्या तोंडी एकच, ऑडिओ टूर. म्हणजे काय तर कानात इयरफोन घालायचे, फोनवर बटण दाबायचं आणि एक बाई गोड आवाजात सांगणार की आता सरळ चाला, आता थांबा, समोर दिसतंय ते चर्च अमुक साली बांधलं. गाइड नको, ग्रुप नको, छत्री उंच धरून पुढं पळणारा माणूस नको. दिवाळीनंतर दोघांचं सातारला यायचं ठरलं तेव्हा फोनवर मला विचारते, "मावशी, साताऱ्याची ऑडिओ टूर आहे का गं?"

आता खरं तर नाही म्हणायचं आणि येताना गरम कपडे घेऊन या म्हणून विषय बदलायचा. पण माझं माहेर सातारा, सासरही सातारा, एका पेठेतनं उठून दुसऱ्या पेठेत आले एवढाच काय तो माझा आयुष्यातला प्रवास, त्यामुळं साताऱ्यात एखादी गोष्ट नाही असं बाहेरच्या माणसाला सांगायला जीभच वळत नाही. "आहे की," म्हणलं. "मीच केलीय." आणि फोन ठेवल्यावर करायला बसले.

एकूण अकरा क्लिपा केल्या. सगळ्या घरात बसून, बेडरूमचं दार लावून, डोळे मिटून आठवत आठवत, की आता पोवई नाक्यावरनं निघालो, आता इथं आलो, आता तिथं वळलो. रस्त्यात उभं राहून स्वतःशी बोलायची हिंमत झाली नाही, ओळखीचं कुणी भेटलं असतं तर संध्याकाळपर्यंत घरी निरोप आला असता की वहिनींना जरा डॉक्टरांकडं दाखवून आणा.

घरात माझे सासरे असतात. अण्णा. वय 84, रिटायर्ड मास्तर, आयुष्यभर इतिहास आणि भूगोल शिकवला. सातारा हे पेन्शनरांचं गाव आहे आणि आमचे अण्णा म्हणजे त्या गावचे पाटील समजा. सकाळी फिरायला जाणार, पेपर शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचणार, चार वाजता दारात येणाऱ्या लालू नावाच्या कुत्र्याला दोन मारी बिस्किटं घालणार आणि मग माझ्याकडं बघून म्हणणार, "आत नाही घेतलं हं." मी रेडिओवरच्या बाईसारखा आवाज काढून पहिली क्लिप सुरू केली, "नमस्कार, मराठ्यांच्या राजधानीत आपलं सहर्ष स्वागत असो," आणि दार उघडलं.

"कोण आलंय?"

"कुणी नाही अण्णा, रेकॉर्डिंग चाललंय."

"मग स्वागत कुणाचं करतीस?"

हे सगळं क्लिपमध्ये आहे. मला कापता येत नाही. पुढच्या प्रत्येक क्लिपमध्ये अण्णा कुठं ना कुठं आहेतच, कधी खोकला, कधी "साल चुकलं", कधी नुसताच "हं". तिसऱ्या क्लिपपासनं मी त्यांना खुर्ची टाकून शेजारीच बसवलं, म्हणलं दाराची उघडझाप तरी नको.

रविवारी सकाळी साडेसातला दोघांना रिक्षात बसवलं. जावईबापू हुबळीचे, मराठी बऱ्यापैकी कळतं पण बोलायला गेले की गाडी हिंदीवर घसरते. त्यांना सांगितलं की पोवई नाक्याला उतरा, महाराजांच्या पुतळ्याला नमस्कार करा आणि क्लिप नंबर एक लावा, मी काय येत नाही, तुमचं तुम्ही फिरा, सेल्फ गाइडेड का काय ते. आणि दुसरी रिक्षा करून मी मागनं गेले. हातात भाजीची पिशवी घेतली होती, म्हणजे दिसले तर भाजीला आलेय म्हणता येईल.

पहिला घोळ तिथंच झाला.

साताऱ्याबाहेरच्यांसाठी सांगते. आमचं गाव अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलंय, त्यामुळं आमच्यात डावं-उजवं असला प्रकार नसतो. किल्ल्याकडं ते वर आणि लांब ते खाली. पत्ता विचारला तर माणूस हात करत नाही, हनुवटी उचलतो किंवा पाडतो. पोवई नाक्यावरनं राजवाड्याला जाणारे रस्ते दोन, एक वरचा आणि एक खालचा, आणि सातारकराला ह्यापेक्षा जास्त कधी सांगावं लागत नाही. मी पण क्लिपमध्ये तेच बोलले, "जाताना वरच्या रस्त्यानं जायचं, येताना खालच्या रस्त्यानं यायचं."

पण आता पोवई नाक्याच्या पोटातनं ग्रेड सेपरेटर गेलाय. जमिनीखालनं गाड्या शिरतात आणि भलतीकडंच निघतात. (आम्हालाच कुठल्या भोकात शिरल्यावर कुठं निघतो ते कळायला कितीतरी दिवस लागले.) तर जावईबापूंनी बोगद्याकडं बघितलं आणि म्हणाले, "नीचे वाला तो ये है." बरोबर आहे. मग वरचा कुठला? वरचा म्हणजे फ्लायओव्हर असणार. आणि ही दोघं पोवई नाक्याच्या मधोमध उभी राहून माना वर करून आभाळात फ्लायओव्हर शोधतायत, बाजूनं एसटी, टेंपो, दुधाच्या गाड्या, आणि कानात मी सांगतीय, "अगदी सरळ आहे, चुकायला जागाच नाही."

चार-पाच मिनिटं मी धीर धरला. मग पिशवी घेऊन पुढं गेले, म्हणलं, "अगं बाई, तुम्ही इथं? मी भाजीला आले होते."

"मावशी, मंडई इकडं आहे?"

"नाहीये," म्हणलं. "चला."

म्हणजे सेल्फ गाइडेडचा खेळ वीस मिनिटांत संपला. तरी मी ठरवलं की आपण तोंडानं काही सांगायचं नाही, जे काय बोलायचं ते कानातली मावशी बोलेल, बाहेरची मावशी फक्त ट्रॅफिक सांभाळेल. इयरफोनचं एक टोक तिच्या कानात, एक त्यांच्या कानात, त्यामुळं दोघांना खांद्याला खांदा लावून चालावं लागत होतं आणि मधनं एक मोटरसायकलवाला जायला बघत होता. मला काही ऐकू येत नव्हतं म्हणून तिला म्हणलं स्पीकरवरच लाव, सगळ्यांनीच ऐकू. आणि अशी आमची वरात राजपथावरनं निघाली, पुढं माझाच आवाज आणि मागं मी.

तीन नंबरच्या क्लिपमध्ये मी "आता डावीकडं बघ" म्हणते. भाचीनं बघितलं तर साड्यांचं दुकान. मग माझाच आवाज, "म्हणजे वर बघ, वर, दुकानाच्या वर," आणि वर बोर्डांच्या आणि वायरींच्या गर्दीतनं अजिंक्यतारा, डोक्यावर तो टीव्हीचा टॉवर घेऊन. ही क्लिप मला स्वतःला सगळ्यात आवडते कारण ह्यात वेढा आहे. 1699 च्या डिसेंबरात औरंगजेब स्वतः येऊन ह्या किल्ल्याखाली बसला. सरदार पाठवला असं नाही, बादशहा स्वतः, तंबू-राहुट्या, हत्ती, तोफा सगळं घेऊन. किल्ल्यावर किल्लेदार प्रयागजी प्रभू आणि मूठभर माणसं, ती वरनं दगड लोटायची, रात्री खाली उतरून छापे मारायची. चार महिने झाले तरी किल्ला काही पडंना, तेव्हा मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. 1700 च्या एप्रिलमध्ये पहिल्या सुरुंगाला बत्ती दिली आणि...

इथं माझ्या कुकरची शिट्टी झाली.

भाची म्हणे, "मावशी, साउंड इफेक्ट पण टाकलेस?" मी हो म्हणलं. खोटं कशाला, डाळ होती ती. पहिल्या स्फोटात तट आत कोसळला, प्रयागजी स्वतः ढिगाऱ्याखाली गाडला गेला आणि माणसांनी त्याला जिवंत ओढून काढला. दुसरा सुरुंग उडाला तो मात्र उलटला, तट बाहेरच्या बाजूला आला आणि खाली हल्ला करायला दाटीवाटीनं उभ्या असलेल्या मोगलांच्याच अंगावर पडला. दोन हजारांच्या आसपास माणसं गेली असं सांगतात. शेवटी किल्ला वाटाघाटी करून द्यावा लागला ते खरं, आणि बादशहानं आपल्या पोराच्या नावावरनं त्याचं नाव आझमतारा ठेवलं तेही खरं, पण आज रिक्षावाल्याला आझमतारा सांगून बघा कुठं सोडतो ते.

सगळं छान, फक्त मी हे सगळं माझ्या चालीच्या हिशेबानं बोलले होते. मी चप्पल घासत, दोन दुकानं बघत, एक ओळखीचं माणूस भेटल्यासारखं करत चालते. ही दोघं बंगळुरात मेट्रो पकडायच्या वेगानं चालणारी. त्यामुळं मी किल्ल्याखाली सुरुंग पेरेपर्यंत ही कमानी हौद ओलांडून पुढं गेलेली, आणि कमानी हौदाची क्लिप लागली तेव्हा समोर मोबाइल कव्हरची गाडी. "हा बघ हौद, किती सुंदर कमानी," असं मी त्या गाडीकडं बघून म्हणतीय. गाडीवाल्या पोरानं हातातलं कव्हर खाली ठेवलं आणि म्हणाला, "काकू, हौद मागं राहिला." पुन्हा उलटं वळून हौद बघून आलो. गावात असे हौद जागोजागी आहेत, जुन्या काळी पेठेपेठेला पाणी ह्यांच्यातनंच मिळायचं, पण जावईबापूंना हौद म्हणजे स्विमिंग पूल वाटला आणि ते गप्प बसले, मीही गप्प बसले.

मोती चौकात पेढे घ्यायचे हे उघड आहे. सातारी कंदी पेढा म्हणजे खवा चांगला खरपूस भाजून केलेला, वरनं तपकिरी, आत दाणेदार, आणि साखर बेताची. इथं मी क्लिपमध्ये "पॉज कर" म्हणायला विसरले होते. त्यामुळं दुकानात उभं राहून ही दोघं चव बघतायत आणि पुढची क्लिप आपोआप सुरू झाली, ती नेमकी रंगो बापूजींची. प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी 1839 साली गादीवरनं काढून काशीला पाठवलं, तेव्हा त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि चौदा वर्षं तिथं ह्याच्या-त्याच्या दारात अर्ज घेऊन उभे राहिले. मधल्या काळात महाराज काशीतच वारले, 1848 ला डलहौसीनं दत्तक नामंजूर करून राज्यच खालसा केलं, तरी हा माणूस तिथंच. 1853 ला परत आला, हात हलवत. दुकानातली सगळी माणसं ऐकायला लागली होती. वजन करणाऱ्यानं काट्यावरचा हात काढला नव्हता.

"चौदा साल," जावईबापू म्हणाले, "ऑनसाइट?" ते आयटीत आहेत.

पुढचं मी क्लिपमध्ये भराभर सांगितलंय आणि इथंही तसंच सांगते. 1857 ला साताऱ्यात उठावाचा कट फुटला आणि 8 सप्टेंबरला गेंडामाळावर सतरा जणांना मारलं, कुणाला फाशी, कुणाला गोळी, कुणाला तोफेच्या तोंडी. त्यात रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी स्वतः निसटले ते पुन्हा कुणाला दिसलेच नाहीत. ह्या सगळ्यांचं स्मारक वर चार भिंती म्हणतात त्या जागी आहे, आठ नंबरची क्लिप, पण तोपर्यंत ऊन चढलं होतं आणि चार भिंती खऱ्या अर्थानं वर आहे, त्यामुळं ती क्लिप दोघांनी तिकडं हनुवटी करून खालनंच ऐकली. पेढेवाल्यानं शंभर ग्रॅम जास्त दिले. सवय म्हणून दिले की क्लिपमुळं, ते मी विचारलं नाही.

राजवाड्यापाशी खरी मजा झाली. गोलबागेजवळ चार म्हातारे बसलेले, स्वेटर, कानटोप्या, एकाच्या हातात काठी. माझा आवाज सुरू होता, "हा जो जुना राजवाडा आहे तो प्रतापसिंह महाराजांनी 1824 साली बांधला, शेजारचा नवा राजवाडा नंतरचा, तिथं बरीच वर्षं कोर्ट भरायचं..."

काठीवाले म्हणाले, "कोण बाई बोलतीय ही?"

"माझी मावशी," भाचीनं माझ्याकडं बोट केलं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग फोनकडं, मग परत माझ्याकडं. "मग हिथं उभ्या हायत तर तोंडानं बोलू द्यात की."

मी काय सांगणार. तेवढ्यात क्लिपमधली मावशी बोलून गेली की समोर पूर्वी टांगे उभे राहायचे, आणि झालं. एक म्हणाले टांगे हिकडं न्हवतेच, पलीकडं. दुसरे म्हणाले तुला काय माहीत, तू तवा कोरेगावात होतास. तिसरे म्हणाले टांग्याचं सोडा, घोड्यांना पाणी पाजायचा हौद कुठं होता ते सांगा पहिलं. 1824 साल, महाराजांचं नाव, खालसा धोरण, ह्यातल्या कशावरही कुणाचं काही म्हणणं नव्हतं, ते सगळं मान्य, वाद काय तो टांग्यांवर. मी क्लिप थांबवायला सांगितली. जावईबापूंनी मात्र फोनचा रेकॉर्डर चालू करून मधे धरला, आणि मला आत्ता कबूल करायला हरकत नाही की त्या अर्ध्या तासाचं जे रेकॉर्डिंग झालंय ते माझ्या अकराच्या अकरा क्लिपांपेक्षा भारी आहे. त्यात एकाचा मिरवणुकीत बिथरलेला हत्ती आहे, एकानं शाळेतनं पळून जाऊन बघितलेला तमाशा आहे, आणि दसऱ्याला छत्रपतींच्या जलमंदिर वाड्यातनं भवानी तलवार पोवई नाक्याला निघते तेव्हा कुठल्या खांबावर चढलं की चांगलं दिसतं ह्याची पूर्ण माहिती आहे. (तो खांब आता नाही.)

शेवटी त्यांनीच सांगितलं, लावा बाई तुमचं पुढचं. पुढचं होतं शाळेचं. ह्याच जुन्या राजवाड्यात भरणारं सरकारी हायस्कूल, नंतरचं प्रतापसिंह हायस्कूल, आणि 7 नोव्हेंबर 1900 ला इथं इंग्रजी पहिलीत नाव घातलेला एक मुलगा. रजिस्टरात 1914 नंबरपुढं नाव आहे, भिवा रामजी आंबेडकर. हे सांगताना क्लिपमध्ये कुकर नाही, अण्णांचा खोकला नाही, काही नाही. फक्त शेवटी अण्णांचा आवाज येतो, "सही आहे बघ त्यांची रजिस्टरात. सांग ते. मी बघितलीय." म्हणून मी सांगते, आणि तेवढ्यावर क्लिप संपते.

काठीवाले जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमची बी शाळा तीच. ही मागनं बोलले ते कोण?"

"माझे सासरे."

"कोण मास्तर?" मी नाव सांगितलं. ते काठी टेकून उभेच राहिले. "आरं, मास्तरांचा आवाज हाय व्हय हा! म्हणलं खोकला ओळखीचा वाटतोय." आणि मग आम्हाला बळंच चहा पाजला. टूरमध्ये चहाचा स्टॉप मी धरला नव्हता, ही खरं तर चूकच.

संध्याकाळी रिक्षा करून संगम माहुलीला गेलो, क्लिप नंबर अकरा, शेवटची. कृष्णा आणि वेण्णा इथं मिळतात. घाट, देवळं, पाण्याजवळ थंडगार वारा, आणि नदीच्या पात्रात थोरल्या शाहू महाराजांची समाधी. ह्या क्लिपची गंमत म्हणजे ही माझी नाहीच. मी दोन वाक्यं बोलले आणि दूध उतू जायला लागलं म्हणून उठून पळाले, फोन चालूच राहिला, आणि अण्णांनी ताबा घेतला. नऊ मिनिटं. मी ती पुन्हा ऐकलीच नव्हती, दमले होते, तशीच पाठवून दिली.

तर अण्णा सांगतायत. रायगड पडला तेव्हा शाहू सात वर्षांचं पोर, आईबरोबर मोगलांच्या छावणीत गेलं ते जवळजवळ अठरा वर्षं कैदेत. बादशहा मेल्यावर 1707 ला सुटका झाली, आणि 12 जानेवारी 1708 ला साताऱ्याला राज्याभिषेक. किल्ल्यावर अडचण व्हायला लागली म्हणून खाली ह्या पेठा वसवल्या, म्हणजे तुम्ही सकाळपासनं फिरताय ते गाव ह्याच माणसानं वसवलेलं. आणि ह्याच राजाची एक गोष्ट सातारकर सांगतात की शिकारीला गेला असताना वाघ अंगावर आला आणि खंड्या नावाच्या कुत्र्यानं त्याला वाचवलं. त्या कुत्र्याला राजानं पालखीचा मान दिला. आणि ते मेल्यावर इथं माहुलीला, आपल्याच समाधीच्या जवळ त्याची समाधी.

आम्ही ती बघत उभे होतो. दगडात कोरलेलं कुत्रं, पावसापाण्यानं झिजलेलं, कान जवळजवळ गेलेले, पण बसायची ढब तीच, पुढचे पाय ताठ. कुणीतरी त्याच्यापुढं दोन झेंडूची फुलं ठेवली होती. भाची गुडघ्यावर बसली. फोनमध्ये अण्णा जरा थांबले, खोकले, आणि मग आवाज एकदम खाली आणून म्हणाले,

"राजानं कुत्र्याला पालखी दिली. आमच्या लालूला घरात पायपुसण्यावर बसायची परवानगी नाही. तीन वर्षं झाली मागतोय."

मग लांबनं माझा आवाज, "अण्णा, काय म्हणलात?"

"काय नाही. वेढ्याचं सांगत होतो."

मग पातेल्याचा आवाज, आणि क्लिप संपली. पलीकडच्या काठावर कुणीतरी म्हैस धूत होतं. जावईबापूंनी दगडातल्या खंड्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि सकाळपासनं पहिल्यांदाच पूर्ण मराठीत म्हणाले, "मावशी, लालू कोण?"